फरशीखालची माती

शव्वालचा चांद दिसला की आपल्याकडे निकाहच्या तारखा निघतात, आणि तारखा निघाल्या की घरं उकरायला सुरुवात होते. पूर्वी रंगसफेदीवर भागायचं. आता रंगाच्याही आधी फरशीचा नंबर लागतो. पाहुणे येणार, मंडप दारात पडणार, मुलीच्या सासरची माणसं घरात पाऊल टाकणार, मग खाली जुनी काळपट शहाबादी कशी चालेल? खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठेही बाजारात जा, फरशीच्या दुकानात या दिवसांत कुटुंबंच्या कुटुंबं उभी असतात. खेड्यापाड्यात तर टाइल्सला अजूनही ‘स्टाईल’च म्हणतात. ‘पुढच्या खोलीत स्टाईल बसवली’ असं कुणी सांगितलं की त्यात थोडा अभिमानही असतो, आणि तो असायला हरकत नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना आपल्या नातवंडांना चकचकीत फरशीवर रांगताना पाहून समाधान वाटणारच.

या महिन्यात आम्ही फरशीवर लिहायला घेतलं ते मात्र दुसऱ्या कारणानं. दुकानात आपण रंग बघतो, नक्षी बघतो, चमक बघतो, भाव पाडून घेतो. दोन-दोन तास त्यात जातात. पण ही फरशी कशावर बसणार आहे, हे विचारायला पाच मिनिटंही कुणी देत नाही. बुलढाणा जिल्ह्यात तर हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. आपली जमीन वेगळी आहे आणि काही भागात पाणीही वेगळं आहे.

नांदुरा तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. मोठ्या मुलीचा निकाह ठरला. अम्मीनं तीन वर्षं बीसीत पैसे टाकून जमवले होते. त्यातला मोठा हिस्सा फरशीवर गेला. जुनी शहाबादी काढली, चार दिवसांत दोन खोल्या आणि ओसरीवर दोन बाय दोनच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसल्या. लग्न थाटात झालं, अल्हम्दुलिल्लाह. पावसाळा अर्धा उलटला आणि मधल्या खोलीतली फरशी पोट फुगावं तशी वर आली. सांध्यांतून पांढरी भुकटी निघायला लागली. भिंतीच्या खालच्या हातभर भागाचा रंग पोपडे होऊन गळू लागला, आणि हे त्या घरात याआधी कधी झालं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे मोठा आवाज होऊन चार टाइल्स उचकटून तंबूसारख्या उभ्या राहिल्या. घरात कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं जिन्न. मिस्त्री म्हणाला टाइल्स खराब. दुकानदार म्हणाला मिस्त्री खराब. लग्नाचं कर्ज अजून फिटलं नव्हतं, आणि पुन्हा फरशी काढायचा खर्च समोर आला.

टाइल्स खराब नव्हत्या. जे झालं त्याची तीन-चार कारणं होती, ती सगळी फरशीच्या खाली होती, आणि आधी कळली असती तर त्यातलं प्रत्येक टाळता आलं असतं.

पहिली काळी माती. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आपला जिल्हा दोन भागांत वाटला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. (मोताळ्याचा थोडा पाय घाटावर, बाकी खाली.) घाटावर बऱ्याच ठिकाणी हात-दोन हात खणलं की मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. लोणारचं सरोवर याच पाषाणात झालं आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळी माती खोलवर जाते. कपाशीला ही माती सोन्यासारखी, घराला मात्र वैरी. पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांत हात जातो, हे आपण सगळे बघतो. तीच माती घराच्या जोत्यातही असते.

कशी असते? पाया खणताना निघालेली माती फेकायला पैसे लागतात, म्हणून तीच जोत्यात परत भरली जाते. फुकटची भर. वर पाणी मारून, दोन वेळा पाय फिरवून कोबा टाकला की काम झालं. आत ती माती दरवर्षी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते. बसली की कोब्याखाली पोकळी राहते, फुगली की कोबा वर ढकलते. शहाबादीला हे सोसायचं, कारण ती फरशी सुट्या मातीवर किंवा चुन्याच्या थरावर बसवलेली असे, सांधे रुंद असत. एखादी खाली गेली तर उचलायची, खाली वाळू सारायची, पुन्हा ठेवायची. कुटुंबातलाच एखादा माणूस दुपारभरात ते करायचा. दोन बाय दोनच्या टाइल्स एकमेकांना चिकटवून बसवल्या की त्या एका पत्र्यासारख्या होतात. त्यांना खाली-वर व्हायला जागाच उरत नाही, म्हणून त्या तडकतात नाहीतर उठतात.

म्हणून जुनी फरशी काढली की टाइल्सचे बॉक्स उघडायच्या आधी एक काम करा. खोलीच्या मधोमध आणि दोन कोपऱ्यांत पहारीनं हातभर खणून बघा. मुरूम निघाला तर बरं. काळी माती निघाली तर तिच्यावर काही बसवू नका. निदान फूट-दीड फूट माती काढा, मुरूम भरा. तोही एकदम ओतायचा नाही, सहा-सहा इंचांच्या थरात भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं चांगला ठोकायचा. त्यावर तीन-चार इंच खडी-सिमेंटचा थर, आणि त्याला आठवडाभर पाणी. मिस्त्री म्हणेल, एवढं कशाला, लग्न तोंडावर आलंय. त्याला घाई असते कारण पुढचं काम वाट बघत असतं, आणि त्याचं पोट चौरस फुटावर चालतं. घाई आपण करायची नाही. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर टाइल्स स्वस्तातल्या घ्या, पण मुरमाचे पैसे वाचवू नका. मुरमाची एक ट्रॉली टाइल्सच्या काही बॉक्सच्या पैशांत येते. शिवाय टाइल्स पुढे कधीही बदलता येतात, खालची भर बदलायची तर घर पुन्हा उकरावं लागतं.

दुसरी गोष्ट मीठ. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागातल्या वाचकांना खारपाण पट्टा काय ते सांगायला नको. विहीर खणली, बोअर मारला तरी पाणी खारं. पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी हा पट्टा अकोला-अमरावतीपर्यंत गेला आहे. प्यायला हे पाणी नको, हे सगळ्यांना पटलं आहे. मूत्रपिंडाच्या आजाराची माणसं गावोगाव दिसतात, म्हणून पटलं आहे. पण बांधकामाला मात्र तेच पाणी सर्रास वापरलं जातं. ‘सिमेंटला काय कळतंय खारं की गोडं?’ सिमेंटला कळतं. बांधकामाच्या पाण्याबद्दल आपल्या देशाचं मानक आहे, आय.एस. ४५६, २००० सालचं. त्यात पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा दिली आहे. सळया नसलेल्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅम, सळया असलेल्याला फक्त ५००. सल्फेटची मर्यादा ४००. म्हणजे फरशीला जे पाणी कसंबसं चालेल ते स्लॅबला मुळीच चालणार नाही, कारण मीठ लोखंडाला खातं. जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा असते. बाटलीभर पाणी तपासून आणणं हे काही मोठं काम नाही.

मीठ फरशीला काय करतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण यात एक गंमत आहे. जमिनीतला ओलावा नेहमी वर चढतो. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तसा. शेणाच्या जमिनीतून, शहाबादीच्या रुंद सांध्यांतून तो हळूहळू उडून जायचा. मीठ वर यायचं, घरातली बाई ते झाडून टाकायची, पुन्हा सारवायची. कुणाच्या लक्षातही येत नसे. आता आपण वर टाइल्स बसवतो. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ काचच असते, तिच्यातून ओलावा जात नाही. मग तो जाणार कुठे? वाट मिळेल तिथे, म्हणजे सांध्यांतून आणि भिंतीतून. भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे पडतात. लोक रंगवाल्याला दोष देतात, वॉटरप्रूफचा महागडा डबा आणतात, आणि दोन वर्षांनी तो रंगही गळतो. नांदुऱ्याच्या त्या कुटुंबात नेमकं हेच झालं. टाइल्स बसवायच्या आधी त्यांची भिंत ठणठणीत होती.

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. मुरूम ठोकून झाला की त्यावर बारीक वाळूचा थर द्यायचा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद पसरायचा. शेततळ्याला किंवा मंडपाला वापरतात तसा जाड हवा, बाजारातल्या पिशवीसारखा पातळ नको. दोन कागद जोडताना निदान हातभर एकावर एक घ्यायचे, कडा भिंतीपाशी वर वळवायच्या, आणि मग त्यावर खडी-सिमेंटचा थर. कागद फाटू द्यायचा नाही, एवढं एक पथ्य. आणि या थराला, त्यावरच्या मसाल्याला पाणी गोडं वापरायचं. गावात वान धरणाच्या योजनेचा नळ आला असेल तर आठवडाभर टाकी भरून ठेवा, नसेल तर टँकर मागवा. दोन खोल्यांच्या फरशीला लागून लागून पाणी किती लागतं? लग्नाच्या जेवणावळीत हात धुवायला त्याहून जास्त जातं.

वाळूचंही तेच. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, म्हणून चुरी म्हणजे क्रशरची वाळू वापरतात. ती चालते. पण खारपाणातल्या नाल्याची वाळू कुणी स्वस्तात आणून टाकली तर आधी जिभेला लावून बघा. हसू नका, जुने गवंडी असंच बघायचे.

तिसरं कारण चिकटण्याचं. हे समजून घ्यायला टाइल कुठून येते आणि कशी बनते ते थोडं बघू. आपल्या बाजारातल्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीतून येतात. एके काळी घराघरांतल्या भिंतीवरची घड्याळं याच मोरबीतून यायची, आता खालची फरशीही तिथलीच. माती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार नावाचा खनिज दगड मोठ्या दाबाखाली ठोकळ्यात दाबतात आणि हजार अंशांहून खूप वरच्या आचेत भाजतात. त्या आचेत ती वितळून घट्ट होते. तिच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी ती शोषत नाही. भिंतीला लावायची साधी सिरॅमिक टाइल मात्र दहा टक्क्यांहून जास्त शोषते. दोघींचा हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुकानात तोच कुणी सांगत नाही.

सिमेंटचा घोळ टाइलला चिकटतो तो तिच्या छिद्रांत शिरून. शहाबादीला, मोझॅकला, सिरॅमिकला छिद्रं आहेत. व्हिट्रिफाइडला जवळजवळ नाहीतच. म्हणून जुन्या पद्धतीनं, म्हणजे कोरडा मसाला पसरून वर सिमेंटचा घोळ ओतून व्हिट्रिफाइड टाइल बसवली, तर ती बसते खरी पण धरत नाही. वजनानं जागेवर राहते इतकंच. तिला वेगळा चिकट मसाला लागतो, गोणीत मिळतो, आय.एस. १५४७७ हे मानक त्यावर छापलेलं असतं. दात्यांच्या थापीनं तो जमिनीवर ओढायचा, आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्यायचा. टाइल भिजवायची नाही. बरेच जुने मिस्त्री सवयीनं टाइल्स पाण्यात टाकतात. शहाबादीला आणि सिरॅमिकला ते बरोबर होतं, इथे उपयोग नाही. उलट पाठ ओली आणि धुळीची राहिली तर धरही कमी होतो. गोणीच्या मसाल्याला पैसे जास्त पडतात, हे खरं. ते नको असतील तर व्हिट्रिफाइड घेऊ नका. कोटा घ्या, शहाबादी घ्या, सिरॅमिक फ्लोअर टाइल घ्या. त्यांना सिमेंट चालतं.

मिस्त्री समोर असतानाच बसवलेल्या टाइल्सवर नाणं किंवा काठी वाजवून बघा. भरीव ठिकाणी आवाज ठण येतो, पोकळ ठिकाणी भद येतो. कोपरे हमखास वाजवा, कारण मसाला मधे थापला की कोपरे पोकळच राहतात, आणि कपाटाचा पाय नेमका कोपऱ्यावर येतो. मसाला ओला असतानाच टाइल उचलून पुन्हा बसवता येते. दुसऱ्या दिवशी ती फोडावीच लागते.

चौथं कारण सांधा. पांढऱ्या टाइल्सच्या मधे काळी रेघ दिसली की नजरेला खटकतं, म्हणून लोक सांगतात, ‘बिनसांध्याची बसवा.’ मिस्त्रीलाही ते सोपं जातं. पण फरशी उन्हाळ्यात वाढते, थंडीत आखडते, आणि खालचा थर सुकताना स्वतःही थोडा आखडतो. दोन टाइल्समध्ये जागाच नसेल तर त्या एकमेकींना ढकलतात, आणि ज्या जागी धर कच्चा असतो तिथे उठतात. मोठा आवाज येतो तो यामुळेच. २०१८ च्या जानेवारीत सिंगापूरमध्ये पारा २१-२२ अंशांवर उतरला आणि सरकारी वसाहतींमधून फरशा उचकटल्याच्या शेकडो तक्रारी आल्या. २१ अंश आपल्याला थंडीच वाटत नाही. घाटाखाली मे महिन्यात पारा ४० च्या वर, जानेवारीच्या पहाटे त्याच्या पाव भागापर्यंत. मग आपल्याकडे काय होत असेल? दोन-तीन मिलिमीटरचे प्लास्टिकचे स्पेसर मिळतात, ते प्रत्येक सांध्यात घालायचेच. भिंतीपाशीही बोटाच्या पेराएवढी जागा सोडायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही. सांधे दुसऱ्या दिवशी भरायचे, लगेच नाही. आणि भरण्याचा रंग फरशीच्या रंगाचा घेतला की रेघही खटकत नाही.

आता थोडा हिशेब, कारण यात फसवणूक कमी आणि गैरसमज जास्त असतो. ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाइल्सच्या बॉक्समध्ये १६ चौरस फूट धरतात, निघतात साडेपंधरा. ६०० चौरस फुटांच्या घराला १६ च्या हिशेबानं ३८ बॉक्स येतात. खऱ्या मापानं आणि पाच टक्के कटाई-तुटाई धरून ४१ लागतात. तीन बॉक्स कमी पडले की माणूस पुन्हा दुकानात धावतो, आणि तोवर त्या रंगाची दुसरी भट्टी आलेली असते. बॉक्सवर भट्टीचा म्हणजे बॅचचा आणि शेडचा नंबर छापलेला असतो. सगळ्या बॉक्सवर एकच आहे ना, हे गाडीत चढवायच्या आधी बघा. एक बॉक्स जास्तीचा माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी एखादी टाइल तडकली तर तशी बाजारात मिळणार नाही.

चमकेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आरशासारखी फरशी पुढच्या खोलीत ठेवायची तर ठेवा. पण ओसरी, न्हाणी, स्वयंपाकघर आणि वुजूची जागा, इथे ती नको म्हणजे नको. आपल्या घरांत दिवसातून पाच वेळा ओले पाय फिरतात. दादा-दादी फजरच्या अंधारात उठून वुजू करून येतात, दिवा लावत नाहीत, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून. त्या वयात पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं, आणि त्यातून उठलेली माणसं आम्ही कमीच पाहिली आहेत. बॉक्सवर ‘मॅट’ किंवा ‘अँटी-स्किड’ लिहिलेली घ्या, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका. दुकानातच टाइलवर पाणी टाका, चप्पल काढा, पाय घासून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. अशा जागांना लहान टाइल चांगली, एक फूट किंवा त्याहून लहान. तिला जितके सांधे जास्त तितकी पकड जास्त, आणि उतार काढायलाही सोपी. उतार पाच फुटांना पाऊण इंच पुरे, पण तो मोरीकडेच हवा. मिस्त्री उठायच्या आत एक बादली ओता आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. हे काम घरातल्या बाईवर सोपवावं. पाणी कुठे साचतं हे तिला माहीत असतं, कारण आजवर ते तिनंच पुसलेलं असतं. आमच्या पाहण्यात बहुतेक घरांत फरशीचा रंग ती ठरवते आणि उतार पुरुष ठरवतात. हे उलटं असायला हवं.

मिस्त्रीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय संपत नाही. फरशीचा कारागीर दिवसभर गुडघ्यांवर असतो. चाळिशीतच गुडघे जातात. त्याहून वाईट ती कटरची धूळ. टाइलमध्ये गारगोटी असते, कोरडी कापली की तिची पिठासारखी धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. दम लागत लागत माणूस खंगतो, आणि पुष्कळदा टीबी समजून उपचार होत राहतात. बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून टाइल कापणारा पोरगा आपल्याच घरात बसलेला असतो, आणि आपण दार लावून घेतो, कारण धूळ स्वयंपाकघरात येते. रुमालानं ही धूळ अडत नाही. कटाई अंगणात करायला सांगा, कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार धरायला एक माणूस द्या, चांगले मास्क दोन-चार आणून ठेवा. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर हे त्यांच्यासाठीही आहे. विजेचा कटर आणि पाणी एकत्र, म्हणून वायर अखंड असावी आणि माणूस रबरी चपलेत असावा.

मजुरी आधी ठरवा, आणि कागदावर लिहा. चौरस फुटाचा भाव कशाचा? फक्त बसवण्याचा, की जुनी फरशी काढण्याचाही? मलबा कोण उचलणार? स्कर्टिंग आणि पायऱ्या रनिंग फुटानं वेगळ्या धरल्यात का? तुटलेली टाइल कुणाच्या खात्यात? हे आधी बोललं की शेवटी आवाज चढत नाही. आणि काम झाल्यावर पैसे त्याच दिवशी द्या. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण जुम्याच्या खुतब्यात कितीदा ऐकतो, आणि लग्न झाल्यावर ‘आहेर मोजले की देतो’ म्हणून मिस्त्रीला चार चकरा मारायला लावतो. त्याच्याही घरी बहुधा कुणाचं तरी लग्न असतं.

आणखी एक काम करता येईल. राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या, मागच्या वर्षभरात निदान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची त्यात नोंदणी होते, फरशीवाल्याचीही. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला तिथून मदत मिळते. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. खेड्यात तो ग्रामपंचायतीकडून मिळतो, शहरात ठेकेदार किंवा नगरपालिकेकडून. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी शिकलेली मुलं मोबाइलवर फॉर्म भरून देऊ शकतात. मिस्त्री दुपारचा डबा खातो त्या वेळात होईल एवढं ते काम आहे.

राहिली जुनी शहाबादी. ती फेकायची घाई करू नका. कर्नाटकातल्या शहाबादहून रेल्वेनं आणि ट्रकनं आलेला तो चुनखडीचा दगड आहे, तीस-चाळीस वर्षं पायाखाली राहूनही त्याचं काही बिघडलेलं नसतं. वरचा थर घासून पॉलिश केला तर पुन्हा निळसर करडा निघतो. घाटाखालच्या उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसती चटई टाकून झोपता येतं. काही घरांत तर आम्ही सरळ सांगितलं, जमीन काळी आहे, पाणी खारं आहे, लग्नाला महिना उरलाय आणि पैसे मोजके आहेत, तर शहाबादीच उचला, खाली मुरूम आणि कागद घाला, तीच पुन्हा सरळ रेषेत बसवा, सांधे भरा, पॉलिश करा. दोघांनी ऐकलं. बाकीच्यांनी टाइल्सच घेतल्या, त्यांची हौस. काढलेल्या शहाबाद्या त्यांनी निदान अंगणात वापराव्यात. कपडे धुवायला, पाण्याच्या रांजणाखाली, बकऱ्यांच्या गोठ्यात, दारातल्या पायरीला. धार तुटलेली असली तरी चालते. उन्हात उभ्या करून ठेवाव्यात, आडव्या रचल्या की वरच्या वजनानं तडकतात.